ज्वलनाचे तास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्या तुकडीकडे लेख मागितला तेव्हा विषय ठरविण्यास फारसा वेळ लागला नाही. १९८१-८२ या वर्षी आम्ही आठवीत होतो. त्या वर्षाच्या गोष्टी निघाल्या की बोलणे कोठूनही सुरू होवो, शेवटी ते विज्ञानाच्या तासांवर आणि त्यातही ज्वलनाच्या पाठावर येते. पाठ्यपुस्तकात हा पाठ मोजक्या पानांचा होता. सरांनी तो दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू केला आणि संक्रांत उलटली तरी तो चाललाच होता. अन्य विषयांच्या काही शिक्षकांना हे रुचले नव्हते, हेही येथे नोंदवून ठेवतो.

सर आज हयात नाहीत. हयातीत त्यांनी स्वतःचे नाव कधी कोठे छापू दिले नाही, म्हणून आम्हीही ते येथे लिहीत नाही. ज्यांनी त्यांच्या हाताखाली शिक्षण घेतले त्यांना ते सांगावे लागणार नाही.

प्रयोगशाळा म्हणजे एक लाकडी कपाट होते. त्यात दोन डझन परीक्षानळ्या, स्पिरिटचा एक दिवा, पितळी पारड्यांचा तराजू, काही चंचुपात्रे आणि एक मोठे बहिर्गोल भिंग एवढी सामग्री असे. उरलेले सारे देगलूरच्या बाजारातून येई. गंधक किराणा दुकानातून, चुना पानाच्या टपरीवरून, लोखंडाचा कीस लेथच्या दुकानातून. विहिरीत टाकण्यासाठी आणलेले पोटॅशियम परमँगनेट वसतिगृहातच होते. ते परीक्षानळीत तापवून सरांनी प्राणवायू तयार केला आणि विझत आलेली, केवळ टोकाशी लाल असलेली उदबत्तीची काडी त्या नळीत धरली. काडी भप्पकन पेटली. त्या दिवशी वर्गातील प्रत्येकाला ती काडी स्वतः धरून पाहावयाची होती आणि सरांनी प्रत्येकाला ती धरू दिली. आम्ही बत्तीस जण होतो.

देगलूर हे सीमेवरचे गाव. पलीकडे त्या काळचा आंध्र आणि खाली कर्नाटक. त्यामुळे आमच्या वर्गात आगीला अनेक नावे होती. कोणाच्या घरी ती इस्तू, कोणाच्या घरी अग्गी, कोणाच्या घरी बेंकी. बाजारात उर्दू बोलणारे तिला आग म्हणत. सायंकाळच्या वंदनेनंतर भन्तेजी पालीचे शब्द समजावून सांगत, तेव्हा पालीतही अग्निला 'अग्गि' म्हणतात हे कळले आणि घरी तेलुगू बोलणारी मुले त्या दिवशी विशेष ऐटीत होती. आपल्या आजीच्या तोंडचा शब्द ग्रंथात आहे, ही लहान गोष्ट नव्हती.

पाठाचा आरंभ सरांनी वर्गात केला नाही. ते आम्हांला स्वयंपाकघरात घेऊन गेले. तेथे मोठ्या चुलीवर साऱ्या वसतिगृहाचा स्वयंपाक होई आणि मावशींचे सरपण तीन ढिगांत रचलेले असे. तुराट्या, पऱ्हाट्या आणि बाभळीची फोडलेली लाकडे. कोणते सरपण केव्हा लावावयाचे याविषयी मावशींचे नियम ठरलेले होते. चूल पेटविताना तुराट्या, पाण्याचे आधण लवकर आणावयाचे तर पऱ्हाट्या, वरण शिजत ठेवावयाचे तर बाभूळ. सरांनी तराजूवर तिन्हींचे सारख्या वजनाचे जुडगे केले, अंगणात तीन विटांवर ठेवले आणि एकाच वेळी पेटविले. तुराट्या धडाडून पेटल्या आणि राख झाल्या. पऱ्हाट्यांनी थोडा अधिक वेळ घेतला. बाभळीचे लाकूड तोवर एका कडेने नुसते काळे पडले होते. मावशी दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. "हे तर मी रोजच पाहते की, सर," असे त्या म्हणाल्या. त्यावर सरांनी आम्हांला वहीत लिहावयास लावलेले पहिले वाक्य असे होते की, हा प्रयोग प्रथम मावशींनी केला आहे.

त्याच दिवशी धुराचा प्रयोग झाला. सरांनी मेणबत्ती फुंकून विझविली आणि वातीवरून वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेला बोटभर अंतरावरून जळती काडी लावली. ज्योत धुरावरून खाली उतरली आणि वात पुन्हा पेटली. तो पांढरा धूर म्हणजे मेणाचीच वाफ. ज्योतीत जळते ती ही वाफ. चुलीचा धूर म्हणजेही पुष्कळसे जळावयाचे राहून गेलेले जळणच असते. फुंकणीने आपण विस्तवाला हवा देतो, म्हणजे त्या राहिलेल्या भागाला जळण्याची सोय करून देतो. हे ऐकून मावशी म्हणाल्या, "म्हंजी माझं निम्मं सरपण माझ्या डोळ्यांतच जातंय." रसायनशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात अपुऱ्या ज्वलनाचे याहून नेमके वर्णन आम्हांला आजवर आढळलेले नाही.

जळण्याचा वेग कशावर ठरतो, हा त्यानंतरचा प्रश्न. सरांनी खिळा चिमट्यात धरून स्पिरिटच्या ज्योतीत तापविला. तो लाल झाला, पण जळाला नाही. मग लेथवरचा बारीक कीस चिमूटभर त्याच ज्योतीवर सोडला. फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या. लोखंड तेच होते. सरांनी फळ्यावर एक सेंटिमीटर बाजूचा घन काढला आणि त्याचे पृष्ठफळ विचारले. सहा चौरस सेंटिमीटर. तोच घन एक एक मिलिमीटरच्या हजार लहान घनांत चिरला तर? आम्ही गणित मांडले, साठ आले. पुन्हा मांडले, पुन्हा साठच. लोखंड वाढलेले नाही, हवेला भिडणारे त्याचे अंग मात्र दहापट झाले. खिळ्याच्या आतल्या लोखंडाला हवा दिसतच नाही, असे सर म्हणत.

पिठाचा प्रयोग त्यांनी मैदानात केला आणि आम्हांला बरेच दूर उभे केले. प्रथम निखाऱ्यावर मूठभर ज्वारीचे पीठ टाकले. ते करपले, धुमसले, एवढेच. मग एका मोठ्या डब्यात जळती मेणबत्ती ठेवून, वर सैल झाकण लावून, लांब रबरी नळीने आत पिठाची फुंकर मारली. झाकण उडाले. पहिल्या रांगेतील मुले मागे पळाली आणि मागची पुढे आली. अमेरिकेतील मिनियापोलिस येथे २ मे १८७८ रोजी पिठाच्या धुळीचा असाच भडका होऊन एक प्रचंड गिरणी उद्ध्वस्त झाली व अठरा कामगार मृत्युमुखी पडले, हे सरांनी त्यानंतर सांगितले. दळण आणावयास गेलो की आम्ही पुढे कित्येक दिवस गिरणीतल्या धुळीकडे आणि गिरणीवाल्याच्या विडीकडे आळीपाळीने पाहत असू. हा प्रयोग आजच्या शिक्षकांनी वर्गात करू नये. सरांनीही आमच्यानंतरच्या तुकडीला तो करून दाखविला नाही, केवळ सांगितला.

मेणबत्तीच्या प्रयोगाविषयी मात्र अधिक लिहिले पाहिजे. ताटात पाणी, पाण्यात उभी जळती मेणबत्ती आणि तिच्यावर पालथी घातलेली काचेची बरणी. मेणबत्ती विझते, पाणी बरणीत चढते. हवेत सुमारे एकवीस टक्के, म्हणजे साधारण एक पंचमांश ऑक्सिजन असतो. तो जळून संपला म्हणून पाणी तितके वर चढले, असे स्पष्टीकरण आपण सर्वांनी कोठे ना कोठे वाचलेले असते. आम्हीही तेच पाठ केले होते आणि सरांनी विचारताच एका सुरात म्हणून दाखविले. सर काही बोलले नाहीत. त्यांनी त्याच ताटात एकीच्या जागी तीन मेणबत्त्या उभ्या केल्या, त्या पेटविल्या आणि तीच बरणी पालथी घातली. पाणी पहिल्यापेक्षा पुष्कळ वर चढले.

बरणी तीच, हवा तितकीच, मग ऑक्सिजन अधिक कोठून आला? वर्गात कोणी बोलेना. सरांनी पुन्हा एकदा प्रयोग करून पाहावयास सांगितले आणि या वेळी पाणी नेमके केव्हा चढते याकडे लक्ष ठेवावयास सांगितले. पाणी चढत होते ते मुख्यतः ज्योत विझल्यानंतर, आणि बरणी पालथी घालताना तिच्या काठाखालून बुडबुडे बाहेर पडत होते. ज्योतीने हवा तापते, फुगते, काही बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आक्रसते आणि पाण्याला आत ओढते. तीन मेणबत्त्या असल्या तर हवा अधिक तापते, म्हणून पाणी अधिक चढते. शिवाय मेणबत्ती सारा ऑक्सिजन संपवूच शकत नाही. हवेतील त्याचे प्रमाण सोळा टक्क्यांच्या आसपास उतरले की ती विझते. पुस्तकात छापलेले आहे म्हणून आम्ही म्हटलेले उत्तर आमच्याच डोळ्यांदेखत खोटे ठरले. सरांनी पुस्तकाची निंदा केली नाही. "पुस्तकाला विचारावं, पुस्तकानं काय सांगितलं ते बरणीला विचारावं," इतकेच म्हणून त्यांनी ताट पुसावयास घेतले.

मग एक पंचमांश हा आकडा खरा कसा ठरवावयाचा? त्यासाठी सरांनी जलद जळणारी वस्तू सोडून सावकाश जळणारी घेतली. ओल्या केलेल्या परीक्षानळीच्या आतल्या बाजूस लोखंडाचा कीस चिकटविला, नळी पाण्यात पालथी उभी केली आणि ती खिडकीत ठेवून दिली. लोखंड गंजते म्हणजे तेही ऑक्सिजनशी संयोग पावते. फक्त त्याला घाई नसते, ज्योत नसते, आणि नळीतली हवा तापून निसटत नाही. नळीवर सेंटिमीटरच्या खुणा केलेली कागदाची पट्टी चिकटविली होती. रोज प्रार्थनेनंतर एकाने जाऊन पाणी कोठवर आले ते लिहावयाचे, अशी पाळी लागली.

नळ्या खिडकीत असतानाच्या त्या आठवड्यात जे घडले ते सांगण्यापूर्वी थोडे मागे जावे लागते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातील आपल्या वस्त्या जाळण्यात आल्या. नांदेड जिल्ह्याने फार सोसले. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा बळी याच जिल्ह्यातला. नामविस्तार होण्यास पुढे १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. या स्मरणिकेच्या वाचकांना हे सारे ठाऊक आहे. तरुण वाचकांसाठी इतकेच सांगतो की, त्या वर्षी आम्ही पाचवीत होतो, आणि आमच्यातील काही मुले त्या पावसाळ्यानंतर या वसतिगृहात आली ती गावी घर उरले नव्हते म्हणून.

त्यांपैकी एक जण ज्वलनाचा पाठ चालू असताना नेहमी शेवटच्या रांगेत बसे. त्याचे नाव आम्ही त्याच्याच इच्छेवरून लिहीत नाही. काडी ओढली की तो वहीत पाहू लागे. प्राणवायूच्या नळीशी आमच्यातला प्रत्येक जण गेला होता, तसा तोही गेला होता, पण हात पुरता लांब करून आणि मान वळवून. सरांनी ते पाहिले होते, हे आम्हांला नंतर समजले. एके दिवशी गवताच्या काडीवर काही बोलणे चालले असता तो उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, छप्पर जळायला किती वेळ लागतो?"

सर बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "चार दिवसांनी पाहू."

चार दिवस कशासाठी, हे चौथ्या दिवशी कळले. सरांनी शाकारणीच्या गवताच्या सारख्या वजनाच्या तीन पेंढ्या आणल्या होत्या. एक सैल पसरलेली, दुसरी दोरीने घट्ट आवळलेली, तिसरी माती आणि शेण कालवून दोन्ही अंगांनी लिंपलेली व उन्हात वाळविलेली. त्यांनी आपले मनगटी घड्याळ काढून त्या मुलाच्या हाती दिले आणि वेळ मोजण्याचे काम त्याला सोपविले. पाण्याने भरलेल्या दोन बादल्या आणि भिजविलेले गोणपाट त्याच्या पायाशी ठेवले. सैल पेंढी अर्ध्या मिनिटाच्या आत संपली. आवळलेली पेंढी वरून काळवंडली आणि आत धुमसत राहिली, कारण आतल्या काड्यांपर्यंत हवा पोहोचत नव्हती. लिंपलेल्या पेंढीला सरांनी तीनदा काडी लावली. माती तडकली, तडा गेला तेथे थोडे गवत जळले आणि विझले. त्याने तिन्ही वेळा मोठ्याने वाचून दाखविल्या. त्याचा आवाज स्थिर होता. मग तो म्हणाला, "सर, आमच्याकडं रॉकेल टाकलं होतं."

सर त्याच्याजवळ खाली बसले. रॉकेलची वाफ हवेत मिसळून पेटते आणि तिची उष्णता गवताला एकदम मिळते, म्हणून गवत सगळीकडून एकाच वेळी धरते, हे त्यांनी नेहमीच्या आवाजात समजावून सांगितले. त्यानंतर त्यांनी जे म्हटले ते असे : "छप्पर कसं जळलं ते मी सांगू शकतो. का जाळलं त्याचं उत्तर या कपाटात नाही. त्यासाठी तुला दुसरी पुस्तकं वाचावी लागतील, आणि तीही इथं आहेत."

आम्हांला वाटते की लहान मुलाला त्या प्रसंगी धीर देणारे चार गोड शब्द बोलणे सोपे होते. सरांनी ते टाळले आणि प्रश्नाचे जेवढे उत्तर आपल्यापाशी आहे तेवढेच दिले, म्हणून त्या मुलाने त्यांच्यावर विश्वास ठेवला. पुढच्या उन्हाळी सुट्टीत त्याने वडिलांसोबत घराचे नवे छप्पर आतून-बाहेरून मातीने लिंपले. गवती छपरावर आगीला व पावसाला टिकणारा मातीचा गिलावा कसा द्यावा यावर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काम केलेले आहे, हे आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचले. मातीच्या गिलाव्याने जमाव थांबत नाही, हेही खरेच. पण चुलीची ठिणगी थांबते, आणि आमच्या वस्त्यांमध्ये जमावाइतकीच घरे चुलीने आणि चिमणीनेही जाळलेली आहेत.

त्याच आठवड्यात सरांनी जोसेफ प्रिस्टलीची गोष्ट सांगितली. इंग्लंडचा हा धर्मोपदेशक राजमान्य चर्चचे मत न मानणारा होता. १ ऑगस्ट १७७४ रोजी त्याने मोठ्या भिंगाने सूर्याचे किरण पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर एकवटले. त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळली. तोच ऑक्सिजन. ऑक्सिजन हे नाव पुढे फ्रान्सच्या लाव्हाझिएने दिले आणि ज्वलनाचा खरा अर्थही त्यानेच लावला. प्रिस्टली अखेरपर्यंत जुन्याच कल्पनेला धरून होता. आपले भिंग हातात घेऊन सर हे सांगत होते. मग त्यांनी सांगितले की, १४ जुलै १७९१ रोजी बर्मिंगहॅममध्ये जमावाने त्याचे प्रार्थनागृह जाळले आणि त्यानंतर त्याचे घर, ग्रंथसंग्रह व प्रयोगशाळा उद्ध्वस्त केली. कारण त्याची मते त्यांना मान्य नव्हती.

वर्गात कमालीची शांतता पसरली. शेवटच्या रांगेतून प्रश्न आला, "वह्यापण?" सर म्हणाले, "वह्यापण." तो १७९४ साली अमेरिकेस गेला, पेन्सिल्व्हेनियात त्याने पुन्हा प्रयोगशाळा उभारली आणि पुन्हा वायूंवर काम करू लागला, एवढे सांगून त्यांनी तास संपविला. १९७८ चा उल्लेख त्यांनी केला नाही. दुसऱ्या दिवशी तो मुलगा दुसऱ्या रांगेत येऊन बसला होता.

पुढे महाविद्यालयात असताना आमच्यापैकी एकाच्या वाचनात या घटनेचा प्रिस्टलीने स्वतः लिहिलेला वृत्तान्त आला. जमाव घरापाशी पोहोचला तेव्हा त्याच्या मुलाने घरातील सर्व विस्तव आधीच विझवून ठेवला होता. पेटती मेणबत्ती देणाऱ्याला दोन गिनी देऊ, असे लोक ओरडत होते. ग्रंथालयात प्रिस्टलीचे विद्युतयंत्र होते, त्याच्यातून ठिणगी काढून घर पेटविण्याची बरीच खटपट झाली आणि ती साधली नाही. घराची मोडतोड मात्र झालीच. हे सारे आम्ही सुट्टीत देगलूरला येऊन सरांना सांगितले. त्यांनी ते दोनदा सांगावयास लावले. इंधन होते, हवा होती, पेटविणारी उष्णता तेवढी मिळेना, असे स्वतःशीच पुटपुटत त्यांनी ते टिपून घेतले, आणि पुढच्या वर्षापासून ज्वलनाच्या पाठात ते सांगू लागले. नंतरच्या तुकड्यांतील विद्यार्थ्यांना हा भाग आठवत असेल.

त्या वर्षाच्या दोन प्रयोगवह्या आमच्याकडे अद्याप आहेत. अन्य कोणाकडे असल्यास त्यांनी संस्थेच्या ग्रंथालयात द्याव्यात, अशी विनंती आहे. आमच्या दोहोंपैकी एकीत खिडकीतल्या नळीच्या नोंदी आहेत. नळी पंधरा सेंटिमीटर लांबीची होती. पहिल्या दिवशी पाणी जेमतेम चढलेले, तिसऱ्या दिवशी दोन सेंटिमीटर, सहाव्या दिवशी तीनच्या खुणेजवळ, सातव्या आणि आठव्या दिवशी तेथेच. आठव्या दिवसाच्या नोंदीखाली सरांच्या तांबड्या शाईतला शेरा आहे : 'उरलेल्या हवेत जळती काडी धरून पाहा.' त्याखाली ज्याची त्या दिवशी पाळी होती त्याच्या अक्षरात, म्हणजे वेळ मोजणाऱ्या त्या मुलाच्याच अक्षरात, लिहिलेले आहे : 'धरली. लगेच विझली.'